‘मुद्राराक्षसा’च्या भरतवाक्यांतील राजा : प्रश्न कोणता विचारावा ?

आमच्याकडे एका तरुण अभ्यासकानें ‘विशाखदत्ताचा काल’ या विषयावरील आपला निबंध अभिप्रायार्थ पाठविला आहे. निबंध चाळीस पानांचा असून परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे. ‘मुद्राराक्षस’ नाटकाच्या शेवटच्या श्लोकांत ज्या राजाचा उल्लेख येतो तो गुप्तवंशीय द्वितीय चंद्रगुप्त होय, सबब कवि इ. स. ४०० च्या सुमारास होऊन गेला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष नवा नाहीं, आणि तो अग्राह्यच आहे असेंहि आम्ही म्हणत नाहीं. आमची अडचण निराळी आहे. लेखकांची भेट झाली तेव्हां आम्हीं त्यांस इतकेंच विचारलें कीं, हा ‘चंद्रगुप्त’ आपण कोणत्या पोथींत पाहिला ? त्यांनीं एका छापील आवृत्तीचें नांव सांगितलें. त्या आवृत्तीच्या तळटीपेंत काय आहे, असें विचारतां ते म्हणाले, “गुरुजी, तळटीपेंत दुसरीं नांवें आहेत खरीं ; पण तीं पाठभेद आहेत.”

‘पण तीं पाठभेद आहेत’ या चार शब्दांनीं आम्हांस हें टांचण लिहावयास लाविलें. ज्यास लेखक अडगळ समजून तळटीपेंत ठेवितात तोच या विषयांतील मुख्य पुरावा आहे, असें आमचें मत आहे. निबंधाचा दोष उत्तरांत नसून प्रश्नांत आहे. तो प्रश्न कोठें सैल आहे व तो कसा आवळतां येईल, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांचा या गोष्टीशीं कसा निकट संबंध पोंचतो तेंहि ओघानें येईलच.

१

विषयाची माहिती थोडक्यांत अशी. ‘मुद्राराक्षस’ हें सात अंकी नाटक. नंदांचा उच्छेद करून मौर्य चंद्रगुप्तास गादीवर बसविल्यावर, नंदांचा एकनिष्ठ अमात्य राक्षस यास चाणक्य नानाविध कपटजाल पसरून चंद्रगुप्ताच्याच सेवेंत आणितो, हें त्याचें कथानक. शेवटीं राक्षस मंत्रिपद स्वीकारतो आणि भरतवाक्य त्याच्याच मुखीं आहे. त्याचा आशय असा कीं, प्रलयकालीं वराहरूप धारण करणाऱ्या विष्णूच्या दंतावर जशी पृथ्वी विसावली, तशी म्लेंच्छांच्या त्रासानें उद्विग्न झालेली ती आतां ज्याच्या बाहूंच्या आश्रयास आली आहे, त्या राजानें तिचें चिरकाल रक्षण करावें. या राजाचें नांव श्लोकाच्या अगदीं अखेरीस येतें. कांहीं पोथ्या तेथें ‘चंद्रगुप्त’ देतात, कांहीं ‘अवंतिवर्मा’, कांहीं ‘दंतिवर्मा’ आणि कांहीं ‘रंतिवर्मा’.

काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं १८८४ सालीं मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत या नाटकाची आवृत्ति काढली, तींत पोथ्यांचे पाठभेद नोंदले, आणि अवंतिवर्मा हा मौखरी वंशांतील, म्हणजे हर्षाची बहीण राज्यश्री हिचा पति ग्रहवर्मा याचा पिता असावा, या शक्यतेकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. याकोबी या जर्मन पंडितानें त्याच नांवाचा काश्मीरचा राजा (सुमारें इ. स. ८५५ ते ८८३) पुढें केला. काशीप्रसाद जयस्वाल यांनीं ‘चंद्रगुप्त’ हा पाठ धरून गुप्तसम्राटाचा पक्ष मांडला. दंतिवर्मा म्हटलें कीं आठव्या शतकाच्या अखेरीस राज्यावर आलेल्या पल्लव राजाची आठवण होते. रंतिवर्म्यास मात्र इतिहासांत निश्चित जागा मिळालेली नाहीं. तात्पर्य, एका श्लोकाच्या शेवटच्या शब्दावर विसंबून कवीस चवथ्या शतकाच्या अखेरीपासून नवव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोठेंहि बसवितां येतें. पांचशें वर्षांचें अंतर एका शब्दानें पडत असेल तर आधीं त्या शब्दाचीच चौकशी व्हावयास नको काय ?

२

‘विशाखदत्त केव्हां झाला ?’ हा प्रश्न कुतूहलाचा आहे ; परंतु संशोधनाचा प्रश्न या नात्यानें त्यांत तीन दोष आहेत.

पहिला दोष असा कीं, ज्या साक्षीदारास आपण उभें करतों त्यास या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नाहीं. आपल्यापुढें आहेत त्या पोथ्या, आणि त्या कवीनंतर कित्येक शतकांनीं झालेल्या लेखकांनीं उतरलेल्या. पोथी एवढेंच सांगूं शकते कीं, अमुक प्रांतांत, अमुक लिपींत, अमुक शकीं हें नाटक या स्वरूपांत वाचलें जात होतें. तिच्या तोंडून कवीचा जन्मकाल वदवूं पाहणें म्हणजे नातवास आजोबांच्या मुंजीची तिथि विचारण्यासारखें आहे. तो सांगेल तें ऐकीव असेल.

दुसरा दोष, या प्रश्नांत ‘श्लोकांतील राजा कवीचा समकालीनच’ हें गृहीत धरलें आहे. भरतवाक्य हा नाटकाचा असा भाग आहे कीं जेथें नट प्रेक्षकांस व राजास आशीर्वाद देतात. निराळ्या राजाच्या सभेंत प्रयोग झाल्यास तेथें त्या राजाचें नांव घालणें नटांस सहज सुचण्यासारखें आहे. तेव्हां नांव कवीच्या आश्रयदात्याचें असेल, प्रयोग करविणाऱ्याचें असेल, अथवा नाटकाच्याच नायकाचें असेल. या तीन शक्यतांचा निवाडा झाल्यावांचून काळाकडे जातां येत नाहीं.

तिसरा दोष सर्वांत घातक आहे. प्रश्न मोठा असला कीं वाटेंत भेटेल तो पुरावा त्यांत मावतो. याचें उत्तम उदाहरण म्हणजे प्रस्तावनेंतील चंद्रग्रहण. सूत्रधाराची गृहिणी ग्रहणानिमित्त ब्राह्मणभोजनाची सिद्धता करीत आहे. या प्रसंगावरून याकोबीनें गणित करून २ डिसेंबर ८६० ही तारीख काढली. गणिताविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु प्रस्तावना वाचणाऱ्यास दिसेल कीं, ग्रहण व्हावयाचें नाहीं, तुला कोणी तरी फसविलें, बुधाचा योग चंद्राचें रक्षण करीत आहे, असेंच सूत्रधार तीस सांगतो. हें सारें श्लेषासाठीं आहे. चंद्र म्हणजे चंद्रगुप्त, केतु म्हणजे मलयकेतु, क्रूर ग्रह म्हणजे राक्षस आणि बुध म्हणजे शहाणा चाणक्य. आणि तें ऐकूनच चाणक्य संतापून पडद्याआडून गरजतो. जें ग्रहण नाटकांतच झालें नाहीं त्याची तारीख आकाशांत शोधण्याची पाळी एवढ्या थोर पंडितावर आली, ती ‘काल कोणता ?’ या एकाच प्रश्नानें मन व्यापल्यामुळें. ‘हा प्रसंग येथें कशाकरितां आहे ?’ असें आधीं विचारलें असतें तर गणिताचे श्रम वांचते.

३

आतां प्रश्न लहान करूं. कवि, त्याचा काल, गुप्त, मौखरी, हे सर्व तूर्त बाजूस ठेवावे, आणि एवढेंच विचारावें कीं, या चार नांवांपैकीं कोणत्या नांवापासून कोणतें नांव उत्पन्न होऊं शकतें ?

प्रथम वृत्त पाहावें. श्लोक स्रग्धरा वृत्तांत आहे. चारहि नांवें आपापल्या पूर्वपदासह त्या जागीं निर्वेध बसतात. म्हणून वृत्त येथें कोणाचाच पक्ष घेत नाहीं. परंतु संधि मात्र पक्ष घेतो, आणि याकडे निबंधलेखकांचें लक्ष गेलेलें नाहीं. नांवाच्या लगेच आधीं ‘राजा’ या अर्थाचें अकारान्त पद प्रथमा विभक्तींत आहे. पुढें ‘चंद्रगुप्त’ आला तर त्या पदाच्या विसर्गाचा ‘श्’ होतो. पुढें ‘दंतिवर्मा’ किंवा ‘रंतिवर्मा’ आला तर मृदु व्यंजनामुळें ‘ओ’ होतो. पुढें ‘अवंतिवर्मा’ आला तरीहि ‘ओ’च होतो, आणि त्याशिवाय नांवाचा आरंभींचा ‘अ’ लोप पावून त्याच्या जागीं अवग्रह राहतो.

हस्तलिखितें हाताळणाऱ्यांस सांगावयास नको कीं, जुने लेखक अवग्रह लिहीतच असत असें नाहीं. तो गाळला म्हणजे ‘ओ’कारापुढें नुसतें ‘वंतिवर्मा’ उरतें. व्याकरण जाणणारा वाचक तेथें लोपलेला ‘अ’ ओळखील. परंतु पोटासाठीं पोथ्या उतरणाऱ्या लेखकास ‘वंतिवर्मा’ हें नांवच वाटणार नाहीं. एखादें अक्षर चुकलें असें समजून तो सुधारणा करील, आणि सुधारणा करतांना त्यास ओळखीचे शब्दच सुचतील. ‘दंती’ म्हणजे हत्ती. ‘रंति’ म्हटलें कीं दानशूर रंतिदेव आठवतो. अशा रीतीनें एका गळलेल्या खुणेपासून दोन नवे राजे जन्मास येणें अशक्य नाहीं.

हें अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. दंतिवर्मा हा खरोखरच दक्षिणेंतील राजा असल्यामुळें तेथें तें नांव बुद्ध्या घातलें गेलें असणेंहि संभवनीय आहे. परंतु या अनुमानाचा गुण असा कीं, तें तपासतां येतें. एखाद्या पोथींत अवग्रहाशिवाय ‘वंतिवर्मा’ असें उघडें लिहिलेलें सांपडलें, किंवा तेथें ‘व’वर हरताळ फांसून ‘द’ अथवा ‘र’ केलेला दिसला, तर त्यास पुष्टि मिळेल. उलट दंतिवर्म्याच्या सर्व पोथ्या एकाच प्रांतांतल्या व एकाच घराण्यांतल्या निघाल्या, तर दुसऱ्या पक्षास बळ येईल. मोठ्या प्रश्नास असें ‘सांपडलें तर’ आणि ‘न सांपडलें तर’ जोडतां येत नाहीं. लहान प्रश्नास तें जोडतां येतें.

या विचारानें आणखी एक लाभ होतो. अवंति, दंति व रंति यांतील भेद लेखकाच्या हातचुकीनें होऊं शकतो. परंतु या तिघांत आणि ‘चंद्रगुप्त’ यांत जो भेद आहे तो हातचुकीनें होत नाहीं. त्यासाठीं नांव सबंध बदलावें लागतें आणि मागील पदाचा संधिहि बदलावा लागतो. म्हणजे तो बदल कोणीतरी जाणून केलेला आहे. अर्थात् चार पाठांचा वाद हा वस्तुतः दोन पाठांचा वाद ठरण्याचा संभव आहे : ‘चंद्रगुप्त’ कोणी काढला, कीं ‘चंद्रगुप्त’ कोणी घातला ?

४

येथें आपले लेखक म्हणतील, आतां तरी चंद्रगुप्ताचा पक्ष मान्य करा. त्यांचीं प्रमाणें वजनदार आहेत हें आम्ही कबूल करितों. विदिशेजवळील उदयगिरीच्या लेण्यांत पृथ्वीस उचलून धरणाऱ्या वराहाची भव्य मूर्ति आहे, आणि तेथल्याच शेजारच्या लेण्यांतील लेख गुप्त संवत् ८२ चा, म्हणजे इ. स. ४०१–४०२ चा, द्वितीय चंद्रगुप्ताच्या कारकीर्दींतील आहे. वराह, पृथ्वी आणि चंद्रगुप्त यांचा असा मेळ पाहून कोणासहि मोह पडेल.

परंतु मौखरींचा पक्षहि असाच बोलतो. आदित्यसेनाच्या अफसड येथील शिलालेखांत हूणांच्या सैन्याचा धुव्वा उडविणाऱ्या मौखरींच्या गजसेनेचा उल्लेख आहे. तेव्हां ‘म्लेंच्छांनीं त्रासलेली पृथ्वी’ त्यांच्याहि आश्रयास जाऊं शकते. आणि वराहावताराची उपमा तर कोणत्याहि राजास देतां येते. जें प्रमाण दोन्ही पक्षांस सारखेंच लागू पडतें तें कोणत्याहि पक्षाचें नव्हे.

मग निर्णय कशानें करावा ? सामान्य नियम असा कीं, दोन पाठांपैकीं जो दुर्बोध तो जुना समजावा. कारण लेखक कठिणाचें सोपें करितो, सोप्याचें कठिण करीत नाहीं. या नियमानें ‘अवंतिवर्मा’ जुना ठरेल. नाटकाचा नायकच चंद्रगुप्त असल्यामुळें, शेवटीं अनोळखी नांव पाहून एखाद्या लेखकानें तें ‘दुरुस्त’ केलें असें म्हणतां येईल. परंतु हा नियम लेखकांच्या सवयीवरून बसविलेला आहे, नटांच्या नव्हे. नट आपल्या यजमानासाठीं नायकाचें नांव काढून नवें नांव घालील, तेव्हां तो सोप्याचें कठिणच करील. म्हणून येथें नियम लावण्यापूर्वीं ठरविलें पाहिजे कीं, हा बदल लेखणीनें झाला कीं रंगभूमीवर झाला. यासाठींहि पोथ्यांकडेच जावें लागेल. जी पोथी भरतवाक्यांत नवें नांव देते ती इतरत्रहि प्रयोगाच्या सोयीचे फेरफार दाखविते काय ? तसे दाखवीत असेल तर ती नटांच्या परंपरेंतली. नसेल तर लेखकांच्या.

दुसरी एक कसोटी प्रस्तावनेंत आहे. कवीच्या आजोबांचें नांव वटेश्वरदत्त. पित्याचें नांव मात्र कांहीं पोथ्यांत ‘भास्करदत्त’ व कांहींत ‘पृथु’ असें येतें. ज्या पोथ्या ‘पृथु’ म्हणतात त्या भरतवाक्यांत कोणता राजा सांगतात ? नाटकाच्या दोन टोकांचे हे पाठभेद जोडीनें चालत असतील तर पोथ्यांचीं कुळें आपोआप वेगळीं होतील. निबंधाच्या चाळीस पानांत या जोडीचा एक तक्ता असता तर आम्ही उरलेल्या एकोणचाळीस पानांची मागणी केली नसती.

५

प्रश्न आवळल्यानें ज्ञान वाढतें याचें प्रत्यंतर याच कवीच्या दुसऱ्या नाटकानें दिलें आहे. ‘देवीचंद्रगुप्त’ हें नाटक समग्र उपलब्ध नाहीं. परंतु १९२३ सालीं सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच पंडितानें रामचंद्र व गुणचंद्र या हेमचंद्रशिष्यांच्या ‘नाट्यदर्पणां’तील त्याचे उतारे पुढें आणिले. त्यांतून रामगुप्त, ध्रुवदेवी आणि धाकटा भाऊ चंद्रगुप्त यांची कथा बाहेर आली. पुढें १९६९ सालीं विदिशेजवळ दुर्जनपूर येथें जैन तीर्थंकरांच्या मूर्ति सांपडल्या आणि त्यांवर ‘महाराजाधिराज रामगुप्त’ हें नांव कोरलेलें मिळालें. ‘कोणत्या ग्रंथकारानें कोणता उतारा दिला ?’ एवढ्या मर्यादित चौकशीनें एका विस्मृत राजाचा विषय उभा राहिला. मात्र यावरूनहि कवि गुप्तकालीन ठरत नाहीं. गुप्तांविषयीं लिहिणारा कवि गुप्तांच्याच पदरीं असला पाहिजे असा नियम केल्यास, मौर्यांविषयीं लिहिणारा हाच कवि मौर्यांच्या पदरीं ठेवावा लागेल !

६

निबंधलेखकांनीं आमचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें आणि शेवटीं विचारलें, “पण इतक्या अर्वाचीन पोथ्या पाहून काय मिळणार ?” या प्रश्नास उत्तर देतांना आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगावी लागली, ती येथेंहि सांगतों.

तीस वर्षांपूर्वीं, शाळेच्या सुटींत, आम्ही एका खेड्यांतील जुन्या वाड्यांत पोथ्या पाहावयास गेलों होतों. तेथें ‘मुद्राराक्षसा’ची एक पोथी होती. त्या वेळीं आमच्या मनांत एकच प्रश्न असे : पोथी जुनी आहे काय ? आम्हीं शेवटचें पान काढलें, पुष्पिकेंतील शक वाचला, तो अठराव्या शतकाचा निघाला. ‘अर्वाचीन आहे’ असें म्हणून आम्हीं दप्तर पुन्हां बांधून दिलें. मालकांनींहि तो शब्द ऐकला. कांहीं वर्षांनीं पुनः चौकशी केली तेव्हां वाडा विकला गेला होता आणि रुमालांचें काय झालें तें कोणास सांगतां येईना. भरतवाक्य आणि पुष्पिका एकाच पानावर होतीं. आमची दृष्टि त्या राजाच्या नांवावरून गेलीच असली पाहिजे. परंतु तें नांव कोणतें होतें तें आज आम्हांस आठवत नाहीं. कारण तें आम्हीं विचारलेंच नव्हतें.

आमचा प्रश्न चुकला म्हणून एक साक्षीदार गेला. शिवाय मालकांच्या मनांत ती पोथी हलकी ठरविण्याचा दोषहि आमच्याकडे येतो. पोथी किती जुनी, या मापानें मोजूं लागलों तर आपल्या बहुतेक संग्रहांतील बहुतेक पोथ्या टाकाऊ ठरतील. परंतु तंजावरच्या भोसले राजांच्या काळीं, शके १६३५ मध्यें, ढुंढिराज पंडितांनीं याच नाटकावर टीका लिहिली. ‘विशाखदत्त केव्हां झाला ?’ असें विचारणाऱ्यास ती टीका फारच अर्वाचीन वाटेल. ‘अठराव्या शतकाच्या आरंभीं तंजावरास हें नाटक कोणत्या पाठानें वाचीत व त्याचा अर्थ कसा लावीत ?’ असें विचारणाऱ्यास मात्र तीहून मोलाचा साक्षीदार मिळणार नाहीं. पोथी तीच, प्रश्न बदलतांच तिची योग्यता बदलते.

७

म्हणून लेखकांस आमची सूचना अशी आहे. निबंधाचें नांव ‘मुद्राराक्षसाच्या भरतवाक्यांतील राजनामाचे पाठभेद व त्यांचें परस्पर नातें’ असें ठेवावें. कालनिर्णय शेवटच्या परिच्छेदांत, तोहि साधलाच तर, यावा. असा विषय लहान दिसतो ही त्यांची खंत आम्हांस समजते. तरुणपणीं आम्हांसहि कवीचा काल ठरविण्याचीच हौस होती. परंतु त्यांनीं वीस पोथ्यांचा खरा तक्ता दिला तर पुढें कोणताहि पक्ष घेणाऱ्यास तो घ्यावाच लागेल.

आणि संग्राहकांस आमची विनंति. आपल्या संग्रहांत या नाटकाची पोथी असेल, मग ती कितीहि अलीकडची, त्रुटित अथवा अशुद्ध असो, तर तिचें पहिलें व शेवटचें पान काढून पुढील गोष्टी टिपून ठेवाव्या : लिपि, लेखनाचा शक, स्थळ व लेखकाचें नांव, प्रस्तावनेंत कवीच्या पित्याचें नांव, भरतवाक्यांत राजाचें नांव, त्या नांवाच्या आधींचें अक्षर ‘श्’नें जोडलेलें आहे कीं ‘ओ’कारान्त आहे, अवग्रह आहे कीं नाहीं, आणि त्या जागीं हरताळ, खाडाखोड किंवा समासांत दुसऱ्या हातची दुरुस्ती आहे काय. अशुद्ध दिसेल तें शुद्ध करून पाठवूं नये. जसें असेल तसें उतरावें. हल्लीं पानाचें छायाचित्र घेणें सुलभ झालें आहे, तें घेतल्यास उत्तमच. पान काढतांना कड मोडणार नाहीं एवढी काळजी घ्यावी, आणि पोथी पाहून झाल्यावर मालकांसमक्ष ‘अर्वाचीन’ हा शब्द उच्चारूं नये.